मुंबई बंदरातील क्रीडानौका, प्रवासी होड्या आणि मोठ्या जहाजांची वाहतूक : एका सामायिक जलमार्गाचा इतिहास (१८४६ ते २०२५)

गोषवारा

मुंबई बंदराच्या इतिहासलेखनात व्यापार, गोदी, कामगार आणि आरमार या विषयांना योग्य ते स्थान मिळाले आहे. मात्र याच बंदराच्या पाण्यावर विहारासाठी, शर्यतीसाठी आणि पर्यटनासाठी फिरणाऱ्या लहान नौकांचा विचार स्वतंत्रपणे फारसा झालेला नाही. प्रस्तुत निबंधात १८४६ मधील यॉट क्लबच्या स्थापनेपासून २०२५ पर्यंतच्या कालखंडात विहारनौका व मोठी जहाजे यांचे परस्परसंबंध कसे बदलत गेले याचा आढावा घेतला आहे. शिडाच्या युगात एकाच वाऱ्यावर अवलंबून असणाऱ्या या दोन वर्गांत वाफेच्या शक्तीने अंतर निर्माण केले. गोद्यांच्या उभारणीने त्यांचे किनारे वेगळे केले आणि न्हावा शेवा बंदराच्या उदयानंतर त्यांचे मार्ग पुन्हा एकमेकांना छेदू लागले. नौकाविहार हा मूठभरांचा छंद न राहता सर्वसामान्यांची सहल झाला. पण त्याचे नियमन त्या प्रमाणात एकसंध झाले नाही, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : मुंबई बंदर, नौकाविहार, जलमार्ग, टक्कर प्रतिबंधक नियम, घारापुरी, पालवा बंदर, सागरी सुरक्षितता.

प्रस्तावना

मुंबईचे वैभव तिच्या बंदरात आहे, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. पश्चिमेस मुंबईचे बेट, पूर्वेस कोकणची मुख्य भूमी आणि दक्षिणेस मोकळा समुद्र अशी या नैसर्गिक बंदराची रचना आहे. हे पाणी प्रशस्त दिसत असले तरी ते सर्वत्र सारखे खोल नाही. मोठ्या जहाजांना पुरेल एवढी खोली केवळ एका ठरावीक पट्ट्यात आढळते आणि तीही गाळ उपसून राखावी लागते. त्यामुळे किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला जे अथांग मैदान वाटते, ते जहाजाच्या कप्तानाच्या दृष्टीने एक अरुंद रस्ता असते. लहान नौका मात्र या रस्त्यावरही फिरू शकते आणि रस्त्याबाहेरही. एकाच पाण्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी हेच या विषयाचे मूळ आहे.

गेटवे ऑफ इंडियाच्या पायऱ्यांवरून लाकडी लाँचमध्ये बसून घारापुरीला जाणे हा महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांच्या मुंबईदर्शनाचा भाग आहे. शाळांच्या सहली, नवविवाहित जोडपी, परगावचे पाहुणे या सर्वांना सुमारे दहा किलोमीटरचा हा तासाभराचा प्रवास परिचित आहे. वाटेत उभी असलेली प्रचंड जहाजे, तेलवाहू नौका आणि आरमारी जहाजे ही प्रवाशांच्या कौतुकाची बाब असते. आपण त्यांच्याच मार्गातून जात आहोत ही जाणीव सहसा नसते. १८ डिसेंबर २०२४ च्या दुर्घटनेने ही जाणीव अत्यंत दुःखद रीतीने करून दिली. त्या घटनेकडे केवळ एक अपघात म्हणून न पाहता दीर्घ इतिहासातील एक टप्पा म्हणून पाहणे आवश्यक आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) मुंबई बंदरातील नौकाविहाराच्या विकासाचे टप्पे स्पष्ट करणे.
२) मोठ्या जहाजांच्या वाहतुकीतील बदलांचा लहान नौकांवर झालेला परिणाम तपासणे.
३) या दोहोंच्या नियमनाची कायदेशीर चौकट व तिच्या मर्यादा यांचा विचार करणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. ‘विहारनौका’ या संज्ञेत शिडाच्या क्रीडानौका, खासगी यांत्रिक बोटी आणि पर्यटकांना भाड्याने नेणाऱ्या लाँच या तिन्हींचा समावेश केला आहे. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे वर्ग भिन्न असले तरी मोठ्या जहाजासमोर त्यांची अवस्था सारखीच असते.

१. शिडाचे युग आणि वाफेचे आगमन

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई बंदरात शिडांचेच राज्य होते. कोळ्यांच्या होड्या, मचवे, पडाव, कोकणातून माल आणणारी गलबते आणि विलायतेहून येणारी मोठी जहाजे ही सर्व एकाच वाऱ्यावर आणि एकाच भरती-ओहोटीवर अवलंबून असत. पहाटेचे मतलई वारे बाहेर पडण्यास आणि दुपारचे खारे वारे परत येण्यास उपयोगी पडत. आकारात कितीही फरक असला तरी तांडेल आणि कप्तान यांच्या अडचणी एकाच जातीच्या होत्या. वारा पडला की दोघेही थांबत.

या समतेला पहिला तडा वाफेच्या शक्तीने दिला. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली. आगबोटीला वाऱ्याची वाट पाहावी लागत नव्हती. ती ठरावीक दिशेने, ठरावीक गतीने आणि वेळापत्रकानुसार जाऊ शकत होती. जलवाहतुकीत ‘कोणी कोणाला वाट द्यावी’ हा प्रश्न नव्याने उपस्थित झाला तो यामुळेच. शिडाच्या नौकेला वाऱ्याच्या मर्जीने वळावे लागते. यांत्रिक नौका हवी तशी वळू शकते. म्हणून यांत्रिक नौकेने शिडाच्या नौकेस वाट द्यावी, असे तत्त्व पुढे रूढ झाले. त्या काळच्या आगबोटींचा आकार लक्षात घेता हे तत्त्व न्याय्यच होते.

याच संधिकाळात, १८४६ मध्ये, मुंबईत यॉट क्लबची स्थापना झाली. १८७६ मध्ये त्यास ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. व्यापारी जहाजांनी शिडे उतरवायला सुरुवात केली, त्या काळात शिडांना छंदाचे आणि प्रतिष्ठेचे रूप येऊ लागले, ही गोष्ट लक्षणीय आहे. जे कौशल्य उपजीविकेचे साधन होते ते वरच्या वर्गात क्रीडा बनले. कोळ्याच्या होडीतील आणि साहेबाच्या यॉटमधील वारा एकच होता. परंतु एकाच्या कष्टाला धंदा आणि दुसऱ्याच्या कष्टाला खेळ असे नाव मिळाले.

२. गोद्यांची उभारणी आणि किनाऱ्याची विभागणी

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबईच्या व्यापाराचे स्वरूप पालटले. १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट अस्तित्वात आला. त्यानंतर ससून गोदी (१८७५), प्रिन्सेस गोदी (१८८०), व्हिक्टोरिया गोदी (१८८८) आणि अलेक्झांड्रा गोदी (१९१४) अशा गोद्या उभ्या राहिल्या. बंदराच्या मुखाशी १८७५ मध्ये प्रॉन्ग्स दीपगृह कार्यान्वित झाले. या बांधकामांमुळे मालवाहतूक भिंतींच्या आड गेली आणि शहराचा पूर्व किनारा सर्वसामान्यांना जवळजवळ बंद झाला.

याला अपवाद होता तो पालवा बंदराचा, म्हणजेच इंग्रजी अमदानीतील अपोलो बंदराचा. सायंकाळी हवा खाण्यासाठी येथे येण्याची प्रथा पडली. यॉट क्लबची वास्तूही येथेच समुद्रासन्मुख उभी राहिली. बादशहा पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ रोजी येथे उतरले. त्या घटनेचे स्मारक म्हणून बांधलेल्या गेटवे ऑफ इंडियाचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले. अशा प्रकारे उत्तरेकडील गोद्या व्यापारासाठी आणि दक्षिणेकडील पालवा बंदर विहारासाठी, अशी किनाऱ्याची विभागणी पूर्ण झाली.

ही विभागणी जमिनीवर होती, पाण्यावर नव्हती. गोदीत जाणारे प्रत्येक जहाज दक्षिणेकडील मुखातून येऊन पालवा बंदरासमोरूनच उत्तरेस जात असे. तरीही विहारनौकांचा प्रश्न त्या काळी गंभीर बनला नाही. याची कारणे तीन होती. एक म्हणजे जहाजे आजच्या तुलनेत लहान व संथ होती. दुसरे म्हणजे गोदीची दारे भरतीच्या वेळी उघडत असल्याने जहाजांच्या हालचालींच्या वेळा बऱ्याच अंशी ठरलेल्या होत्या. तिसरे कारण सामाजिक होते. यॉट क्लबचे सभासदत्व दीर्घ काळ युरोपियनांपुरते मर्यादित होते. त्यामुळे क्रीडानौकांची संख्या अल्प होती आणि त्यांचे मालक व बंदराचे अधिकारी एकाच वर्तुळात वावरत असत. नियमांपेक्षा परिचयावर चालणारी ही व्यवस्था होती.

लिखित नियम नव्हते असे मात्र नाही. १९०८ च्या भारतीय बंदर अधिनियमाने बंदरात जहाजांसाठी आवश्यक रुंदीचा मोकळा मार्ग राखणे, नांगर टाकण्याच्या जागा ठरविणे आणि प्रवासी व अन्य बोटींना परवाने देणे यांसाठी नियम करण्याचा अधिकार शासनास दिला. तसेच ज्या बंदरांना ते कलम लागू केले असेल तेथे २०० टनांवरील जहाजांनी बंदराच्या वाटाड्याशिवाय हालचाल करू नये, असे बंधन घातले. मोठ्या जहाजाला वाटाड्या आणि लहान बोटीला परवाना, ही दुहेरी रचना पुढे शतकभराहून अधिक काळ टिकली. मात्र परवाना नौकेला मिळतो आणि वाटाड्या मार्ग दाखवितो. लहान नौकेच्या मार्गाचा विचार या रचनेत गौणच राहिला.

३. ‘रामदास’ची जलसमाधी

मुंबई बंदरातील प्रवासाचा इतिहास १७ जुलै १९४७ च्या उल्लेखाशिवाय पूर्ण होऊ शकत नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट ऐन पावसाळ्यात, अमावास्येच्या दिवशी खवळलेल्या समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक प्रवाशांना जलसमाधी मिळाली. सणासाठी गावी निघालेल्या चाकरमान्यांची ही बोट होती. ती विहारनौका नव्हती आणि तिची कोणत्या जहाजाशी टक्करही झाली नव्हती. तरीही या घटनेचा येथे विचार करण्याचे कारण असे, की बंदराच्या हद्दीत, शहराच्या इतक्या जवळ घडलेल्या या दुर्घटनेची वार्ता किनाऱ्यावर पोहोचण्यास कित्येक तास लागले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. वाचलेल्यांपैकी अनेकांना कोळी बांधवांनी पाण्याबाहेर काढले.

या घटनेत दिसणाऱ्या तीन गोष्टी, म्हणजे प्रवाशांची गर्दी, संपर्कसाधनांचा अभाव आणि प्रत्यक्ष मदतीस सर्वप्रथम धावून येणाऱ्या लहान नौका, पुढील काळातही वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा दिसतात.

४. स्वातंत्र्योत्तर काळ : छंदाकडून सहलीकडे

स्वातंत्र्यानंतर नौकाविहाराचे स्वरूप दोन दिशांनी बदलले. पहिली दिशा क्रीडेची होती. १९६० मध्ये भारतीय यॉटिंग संघटनेची स्थापना झाली. आरमार व सैन्यदलांनी या खेळास आश्रय दिला. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीत झाल्या, तरी शिडाच्या नौकांच्या शर्यती मुंबईत घेण्यात आल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ वर्गात सुवर्णपदक मिळविले. सैन्यदलाच्या अभियंत्यांनी ‘तृष्णा’ या नौकेतून १९८५ ते १९८७ या काळात मुंबईहून पृथ्वीप्रदक्षिणा केली. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये एकट्याने, आणि पुढे अभिलाष टॉमी यांनी २०१२–१३ मध्ये एकट्याने व कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. या दोन्ही मोहिमांचा आरंभ व शेवट मुंबईतच झाला. लहान शिडाची नौका म्हणजे केवळ श्रीमंतांचे खेळणे नसून दर्यावर्दी कौशल्याची शाळा आहे, हे यातून सिद्ध झाले.

दुसरी दिशा पर्यटनाची होती आणि संख्येच्या दृष्टीने तीच निर्णायक ठरली. घारापुरीच्या लेण्यांचा १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मांडवा व अलिबाग ही मुंबईकरांची आवडती सहलस्थळे बनली. रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर पडणारे अंतर बोटीने तासाभरात कापता येत असल्याने गेटवे ते मांडवा हा मार्ग गजबजला. १५ मार्च २०२० रोजी भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहने नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. यॉट क्लबच्या काळात पाण्यावर उतरणारा माणूस स्वतः सुकाणू धरणारा होता. आता पाण्यावर येणारा बहुतांश माणूस हा तिकीट काढून बसणारा प्रवासी झाला. त्याला वारा, भरती, मार्ग यांचे ज्ञान असण्याची अपेक्षाच नसते. त्याची सुरक्षितता सर्वस्वी तांडेलाच्या व नियमनाच्या हाती असते. हा बदल मूलभूत आहे.

५. न्हावा शेवा आणि छेदणारे मार्ग

२६ मे १९८९ रोजी न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. कंटेनर वाहतुकीचे केंद्र मुंबईच्या गोद्यांतून पूर्व किनाऱ्याकडे सरकले. तत्पूर्वीच १९५० च्या दशकात जवाहर द्वीपावर तेलवाहू जहाजांसाठी धक्के उभारले गेले होते. दोन्ही बंदरांची जहाजे दक्षिणेकडील एकाच मुख्य मार्गाने आत येतात आणि पुढे आपापल्या दिशांना वळतात. जहाजांचा आकार वाढत गेला तसा हा मार्ग अधिक खोल व रुंद करण्यात आला.

याचा विहारनौकांवर झालेला परिणाम नकाशा पाहिला की सहज ध्यानात येतो. गेटवे पश्चिमेस आहे. घारापुरी, उरण, रेवस व मांडवा ही ठिकाणे पूर्वेस व आग्नेयेस आहेत. आणि जहाजांचा मुख्य मार्ग या दोहोंच्या मधून जातो. त्यामुळे सहलीला निघालेल्या बोटीला तो ओलांडण्यावाचून गत्यंतर नसते. जमिनीवरील उपमा द्यायची तर हे फाटक नसलेल्या ठिकाणी रेल्वेमार्ग ओलांडण्यासारखे आहे. फरक एवढाच, की येथे रूळ दिसत नाहीत.

या ओलांडण्यातील धोक्याचे स्वरूप तांत्रिक असले तरी समजण्यास कठीण नाही. भरलेले मोठे जहाज यंत्र उलट फिरवूनही लगेच थांबत नाही. त्यास पूर्ण थांबण्यास काही किलोमीटर अंतर लागू शकते. अरुंद मार्गात त्याला बाजूला वळण्याचीही मुभा नसते, कारण बाजूला पाणी उथळ असते. १ जुलै १९९८ नंतर बांधलेल्या ५५ मीटर वा त्याहून अधिक लांबीच्या जहाजांबाबत आंतरराष्ट्रीय नियम असा आहे, की सुकाणूकक्षातून पाहताना नाळेपुढील न दिसणारे पाणी जहाजाच्या लांबीच्या दुपटीपेक्षा किंवा ५०० मीटरपेक्षा, यांपैकी जे कमी असेल त्यापेक्षा, जास्त असू नये. म्हणजेच नियमाचे पूर्ण पालन करणाऱ्या जहाजासमोरही शेकडो मीटरचा पट्टा असा असू शकतो, की त्यातील होडी कप्तानाला दिसतच नाही. शिडाच्या नौकेस आणखी एक अडचण असते. मोठे जहाज वाऱ्याच्या बाजूने जवळ आले की त्याच्या उंच भिंतीमुळे वारा अडतो आणि नौकेची गती जेव्हा सर्वाधिक हवी असते तेव्हाच ती लुळी पडते. उधाणाच्या काळात पाण्याच्या पातळीतील फरक चार मीटरहून अधिक होतो आणि जोरदार प्रवाह लहान नौकेला नकळत मार्गाकडे ओढू शकतो. भांगाच्या दिवसांत सुरक्षित वाटणारे अंतर उधाणात अपुरे पडते, हे जुन्या तांडेलांना अनुभवाने ठाऊक असते. भाड्याने वेगवान बोट घेणाऱ्या हौशी माणसाला ते ठाऊक असेलच असे नाही.

६. नियमांतील पालट

समुद्रावरील टक्कर टाळण्याविषयीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम १५ जुलै १९७७ पासून जगभर अमलात आले. भारतात त्यासाठी १९७५ मध्येच विनियम करण्यात आले होते. यांतील अठराव्या नियमाने यांत्रिक नौकेने शिडाच्या नौकेस वाट द्यावी हे जुने तत्त्व कायम ठेवले. नवव्या नियमाने मात्र त्यास महत्त्वाची मर्यादा घातली. वीस मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकेने किंवा शिडाच्या नौकेने, केवळ अरुंद मार्गातूनच सुरक्षितपणे जाऊ शकणाऱ्या जहाजाच्या वाटेत अडथळा आणू नये, असे त्यात म्हटले आहे. वाफेच्या आरंभकाळात दुर्बल मानून शिडाच्या नौकेला जे प्राधान्य मिळाले होते, ते जहाजांच्या वाढत्या आकारामुळे बंदराच्या मार्गात अशा प्रकारे संपुष्टात आले. ‘जो सहज वळू शकतो त्याने वाट द्यावी’ हे मूळ तत्त्व तेच राहिले. परंतु सहज वळू शकणारा कोण, याचे उत्तर बदलले.

मात्र या नियमाने मोठ्या जहाजाची जबाबदारी संपत नाही. डोळ्यांनी व कानांनी सतत पहारा ठेवणे आणि सुरक्षित गतीने जाणे हे पाचव्या व सहाव्या नियमांतील कर्तव्य प्रत्येक नौकेवर, मग ती लहान असो, मोठी असो वा सरकारी असो, सारखेच बंधनकारक आहे.

इंग्लंडच्या अनुभवाची तुलना येथे उद्बोधक ठरेल. साउदॅम्प्टन बंदराकडे जाणाऱ्या सोलेंटच्या पाण्यात क्रीडानौकांची प्रचंड गर्दी असते. तेथील निश्चित केलेल्या क्षेत्रात १५० मीटरपेक्षा लांब जहाजाच्या पुढे १००० मीटर व दोन्ही बाजूंस १०० मीटर इतके पाणी हे त्या जहाजाबरोबर सरकणारे निषिद्ध क्षेत्र मानले जाते. तरीही ऑगस्ट २०११ मध्ये शर्यतीतील एक यॉट तेलवाहू जहाजाच्या नाळेवर आदळली आणि पुढे तिच्या चालकास न्यायालयाने दोषी ठरविले. लंडनच्या टेम्स नदीत २० ऑगस्ट १९८९ रोजी ‘मार्शनेस’ ही विहारनौका गाळ उपसणाऱ्या जहाजाच्या धडकेने बुडून ५१ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर २००२ मध्ये त्या नदीवर कायमस्वरूपी जीवरक्षक नौकांची ठाणी सुरू झाली. या दोन उदाहरणांतून असे दिसते, की स्पष्ट आकड्यांत सांगितलेला नियम अपघात पूर्णपणे टाळत नसला तरी जबाबदारी निश्चित करतो; आणि बचावाची कायम व्यवस्था अपघाताचे रूपांतर संहारात होण्याची शक्यता कमी करते.

७. अपघातांची मालिका आणि विखुरलेले अधिकार

७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावा शेवाहून बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदरात येणारे ‘खलिजिया’ ही जहाजे बंदराच्या मुखाजवळ एकमेकांवर आदळली. शेकडो कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरले आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. दोन सुसज्ज, वाटाड्यांची परंपरा असलेल्या बंदरांच्या सामायिक मार्गावर हे घडले. तरंगणाऱ्या कंटेनरांमुळे लहान नौकांचा वावरही धोक्याचा झाला आणि मच्छीमारांच्या उपजीविकेस फटका बसला. मोठ्या जहाजांच्या चुकीची किंमत लहान नौकांनाही मोजावी लागते, हे त्यातून स्पष्ट झाले.

२४ ऑक्टोबर २०१८ रोजी अरबी समुद्रातील नियोजित शिवस्मारकाच्या कार्यक्रमासाठी निघालेली एक वेगवान बोट खडकावर आदळून बुडाली व एका तरुणाचा मृत्यू झाला. १४ मार्च २०२० रोजी गेटवेहून मांडव्यास जाणारी प्रवासी बोट बुडू लागली असता पोलिसांच्या गस्तीनौकेच्या तत्परतेने ८८ जणांचे प्राण वाचले. यानंतर १८ डिसेंबर २०२४ रोजी, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका नियंत्रण सुटून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांना प्राण गमवावे लागले. बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती. नौदल, तटरक्षक दल, पोलीस, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, बंदराच्या नौका आणि जवळच्या खासगी बोटी अशा सर्वांनी मिळून उरलेल्यांना वाचविले. त्यानंतर प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे घालणे सक्तीचे करण्यात आले.

‘नीलकमल’ दुर्घटनेचा ऐतिहासिक अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. येथे धडक देणारे जहाज प्रचंड मालवाहू नव्हते आणि ते अरुंद मार्गाने बांधलेलेही नव्हते. अर्थात ‘लहान नौकेने मोठ्या जहाजाला वाट द्यावी’ या एकाच सूत्रात बंदराची सुरक्षितता बसविता येत नाही. व्यापार, संरक्षण, मासेमारी, प्रवास आणि विहार यांसाठी एकच पाणी वापरले जाते. त्यांतील चाचणीसारखी असाधारण हालचाल आणि प्रवाशांची नित्याची वाट यांच्यात स्थळाचे वा वेळेचे अंतर असणे हा या घटनेने उपस्थित केलेला खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न सोडविण्यातील मुख्य अडचण अधिकारांच्या विभागणीत आहे. मोठी बंदरे केंद्राच्या अखत्यारीत येतात. १९९६ च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ लहान बंदरे व प्रवासी वाहतूक पाहते. संरक्षणाची जबाबदारी नौदल व तटरक्षक दलावर आहे. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रमार्गे कुलाब्याच्या किनाऱ्यावर उतरल्यानंतर सागरी पोलिसांचे कार्यक्षेत्र विस्तारले, नौकांच्या नोंदणीस व ओळखीस महत्त्व आले. परंतु या सर्व उपायांचा भर ‘ही नौका कोणाची’ या प्रश्नावर होता. ‘ही नौका कोणत्या वाटेने व कोणत्या वेळी जाईल’ हा प्रश्न मागेच राहिला. अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ आणि भारतीय बंदर अधिनियम २०२५ यांनी अनुक्रमे १९१७ व १९०८ च्या कायद्यांची जागा घेतली आहे. कायद्याची भाषा नवी झाली. पाण्यावरील प्रत्यक्ष समन्वय नवा होतो की नाही, यावर तिचे मोल ठरेल.

किनाऱ्यावरील जागेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. गेटवेवरील गर्दी कमी करण्यासाठी रेडिओ क्लबजवळ नवीन प्रवासी धक्का बांधण्याच्या प्रकल्पास कुलाब्यातील रहिवाशांनी आव्हान दिले होते. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काही अटींसह तो मान्य केला. त्याच वर्षी मुंबई बंदरातील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. यामुळे एक नवीनच स्थिती निर्माण झाली आहे. आता हजारो पर्यटकांना घेऊन येणारे जहाज हे स्वतःच विहारनौका आहे आणि मोठे जहाजही. शिडाची क्रीडानौका, घारापुरीची लाँच आणि क्रूझ ही विहाराची तीन युगे आज एकाच पाण्यावर एकत्र नांदत आहेत.

निष्कर्ष

१) मुंबई बंदरात विहारनौका व मोठी जहाजे यांच्यातील तणाव हा मुळात जागेच्या टंचाईतून नव्हे, तर खोल पाण्याच्या टंचाईतून निर्माण झाला आहे. पाणी विस्तीर्ण असले तरी मार्ग अरुंद आहे.

२) गोद्यांच्या काळात व्यापार व विहार यांचे किनारे वेगळे झाले; १९८९ नंतर बंदराचे केंद्र पूर्वेस सरकल्याने पर्यटकांच्या बोटींना जहाजांचा वाढता मुख्य मार्ग ओलांडणे अपरिहार्य झाले.

३) वाट देण्याच्या नियमात ऐतिहासिक पालट झाला. शिडाच्या नौकेचे प्राधान्य अरुंद मार्गात राहिले नाही. तथापि पहारा व सुरक्षित गती यांचे कर्तव्य सर्वांवर समान राहिले.

४) सुकाणू धरणाऱ्या हौशी दर्यावर्दीची जागा तिकीट काढणाऱ्या प्रवाशाने घेतली. त्यामुळे सुरक्षिततेचा भार व्यक्तीकडून व्यवस्थेकडे गेला. परंतु व्यवस्था अनेक यंत्रणांत विभागलेली राहिली.

५) सुधारणा बहुधा दुर्घटनेनंतर झाल्या आणि त्या नौकेच्या आतील बाबींपुरत्या, म्हणजे प्रवासीसंख्या, जाकीट, नोंदणी यांपुरत्या, मर्यादित राहिल्या. मार्ग ओलांडण्याची निश्चित ठिकाणे, चाचण्यांसाठी स्वतंत्र क्षेत्र, जहाजांच्या हालचालींची तांडेलांना त्यांच्या भाषेत वेळेवर मिळणारी सूचना आणि कायम बचावठाणी या नौकेबाहेरील बाबींकडे तेवढेच लक्ष देणे आवश्यक आहे.

मुंबईच्या बंदराने गेल्या पावणेदोनशे वर्षांत शिडे, आगबोटी, तेलवाहू व कंटेनर जहाजे अशी सर्व स्थित्यंतरे पाहिली. या प्रत्येक स्थित्यंतरात मोठ्या जहाजासाठी मार्ग आखला गेला, दिवे लावले गेले, वाटाड्या नेमला गेला. लहान नौकेसाठी मात्र तांडेलाचा अनुभव हाच नकाशा राहिला. तो अनुभव मोलाचा आहे. परंतु पालवा बंदराच्या पायऱ्यांवरून मुलाबाळांसह बोटीत पाऊल टाकणाऱ्या प्रवाशाच्या जिवाची हमी केवळ त्यावर सोपविता येणार नाही. बंदर हे जितके व्यापाराचे तितकेच लोकांचे आहे, हे मान्य करायचे असेल तर लोकांच्या वाटेलाही बंदराच्या नकाशावर स्थान मिळाले पाहिजे.